गाडीवरचं पाणी वाळवू नका, हाकला: बहरीनमध्ये ब्लोअर निवडताना

बहरीनमध्ये धुतलेल्या गाडीवरचं पाणी वाळू द्यायचं नसतं, वाळायच्या आत ते हाकलायचं असतं. ब्लोअर आणायला निघण्याआधी एवढं मनात पक्कं केलं, तर दुकानातले निम्मे डबे हातातही घ्यावे लागत नाहीत.

याचं कारण इथल्या पाण्यात आणि हवेत आहे. ऐन अधारीसारख्या झऱ्यांवर एके काळी या बेटावरच्या खजुराच्या बागा पोसल्या. आता नळाला येतं ते बहुतांशी समुद्राचं पाणी, अल हिद, अद दूर अशा केंद्रांत गोडं केलेलं. रास अबू जर्जूरचं केंद्र १९८४ पासून जमिनीखालचं मचूळ पाणी गोडं करतं. पण गोडं केलं म्हणजे क्षार संपले असं नाही. काही उरतात, काही पाइप गंजू नयेत म्हणून मुद्दाम परत घालतात. त्यात गाडीवर आधीच बसलेली चुनखडीची बारीक धूळ आणि समुद्रावरून येणारं मीठ. थेंब जागच्या जागी आटला की हे सगळं त्याच्या कडेने पांढरं वर्तुळ करून बसतं. उरण-भाईंदरच्या मिठागरांत जे एकरांवर चालतं तेच इथे बॉनेटवर थेंबाथेंबात चालतं.

जूनमध्ये शमाल वारा सुटलेला असतो आणि पत्रा तापलेला असतो, तेव्हा डावी बाजू धुऊन उजवीकडे जाईपर्यंत डावी आटलेली असते. ऑगस्ट-सप्टेंबरात नेमकं उलट. हवा इतकी दमट की आरशामागचं पाणी तासभर हलत नाही, आणि गाडी रस्त्यावर काढली की तेच ओघळून दारावर धुळीची रेघ ओढतं. दोन्ही वेळा उपाय एकच, पाण्याला जोराच्या वाऱ्याने ढकलून गाडीवरून खाली पाडायचं. फडक्याचं काम त्यानंतर, आणि तेही थोडंच. ओल्या पत्र्यावर राहून गेलेला वाळूचा एक कण फडक्याखाली सापडला तर काळ्या गाडीवर त्याची खूण वर्षभर दिसते.

आधी पत्रा बघा

ब्लोअर तुमच्या गाडीला उपयोगी पडेल की नाही हे दुकानात कळत नाही, घरी कळतं. गाडी धुतलेली असताना बॉनेटवर एक मग पाणी ओता. पाण्याचे मणी झाले, किंवा सगळं पाणी एका झटक्यात घसरून गेलं, तर पत्र्यावर मेण किंवा सिरॅमिक कोटिंग आहे. अशा गाडीवर साधा ब्लोअरही छान काम करतो. पाणी पातळ चादरीसारखं चिकटून बसलं, तर सगळ्यात महागडा ब्लोअरसुद्धा ती चादर पुढे-मागे हलवत राहील आणि शेवटी ती तिथेच आटेल. तेव्हा आधी मेणाचा एक हात द्या आणि ब्लोअरचे दिनार तोवर खिशात ठेवा.

ज्यांची गाडी इमारतीच्या पार्किंगमध्ये महिन्याच्या पैशांवर कुणी बादली-फडक्याने पुसून देतो, त्यांना ब्लोअरची गरजच नाही. बादलीभर पाण्यात पुसलेल्या गाडीवर हाकलण्याएवढं पाणी नसतंच. ब्लोअरच्या पैशात त्या माणसाला चार चांगली मायक्रोफायबर फडकी आणून द्या, गाडीचं जास्त भलं होईल.

मग प्लग शोधा

वायरचा की बॅटरीचा, या प्रश्नाचं उत्तर आवडीनिवडीवर नाही, गाडी कुठे उभी राहते त्यावर आहे. सार किंवा बुदैयाच्या बाजूला व्हिला असेल, पोर्चमध्ये प्लग असेल, तर वायरचा घ्या. तो स्वस्त पडतो, दमत नाही आणि उन्हाळ्याला घाबरत नाही. गुदैबिया, हूरा, जुफैरच्या फ्लॅटवाल्यांचं पार्किंग तळघरात किंवा रस्त्याकडेला. तिथे प्लग नसतो, आणि असला तरी तो इमारतीच्या मीटरवरचा. तिथे बॅटरीचाच. शिवाय तिथे मुळात गाडी धुवायला परवानगी आहे का, हे वॉचमनला आधी विचारून ठेवावं.

वायरचा घ्यायचा तर थोडं गणित. इथली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश धर्तीचा, आत १३ अँपिअरचा फ्यूज. म्हणजे एका प्लगमधून जास्तीत जास्त ३,००० वॅटच्या जरा आत. दोन मोटरींचे मोठे ड्रायर या हद्दीच्या अगदी जवळ जातात. त्यांना भिंतीतला स्वतंत्र प्लग द्या, ज्या बोर्डावर इस्त्री किंवा किटली आहे त्यावर लावू नका. रिळावर गुंडाळलेली एक्स्टेंशन वायर वापरत असाल तर ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, आणि ४० अंशांच्या हवेत तिला वितळायला फार वेळ लागत नाही. ओल्या फरशीवर उभं राहून हे काम करायचं आहे, त्यामुळे त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. यात काटकसर नको.

कोणत्या जातीचा

बाजारात या कामाला चालणारी पाच-सहा प्रकारची यंत्रं मिळतात. सगळीच ब्लोअर म्हणून विकली जात नाहीत.

गाडीसाठीच बनवलेले ड्रायर असतात. लांब नळी, हवा गाळणारा फिल्टर, टोकाला रबरी तोंड. त्यांची हवा मोटरीवरून येत असल्याने थोडी कोमट असते, तेवढं चालतं. पण डब्यावर हीटर असल्याचं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल तर तो बाजूला ठेवा. गरम हवा पाणी आटवते, आणि आटलेलं पाणी क्षार मागे ठेवतं. थंड देशात गाडी धुणाऱ्याला कोमट हवा सुखाची वाटत असेल. इथे बाहेरची हवाच तापवलेली मिळते, तीही फुकट. हीटरसाठी हजारभर वॅट जाळून आपण डागच पाडणार.

कुत्र्याचे केस वाळवायचे ब्लोअर हा या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. जोर भरपूर, नळी लांब, फिल्टर असतो आणि किंमत गाडीच्या ड्रायरपेक्षा बहुधा कमी. त्यात हीटरचं बटण वेगळं असेल आणि ते बंद करता येत असेल तर व्हिलावाल्यांनी हाच घ्यावा असं माझं मत आहे.

पाला उडवणारे बागेचे ब्लोअर भरपूर हवा देतात, मोठा टप आणि बॉनेट ते दोन-चार फेऱ्यांत साफ करतात. अडचण एवढीच की बहुतेकांना फिल्टर नसतो. समोरून आलेली हवा ते जशीच्या तशी पुढे फेकतात, धुळीसकट. त्याबद्दल पुढे बोलू.

कारखान्यात यंत्रांवरची धूळ उडवायला वापरतात ते पाच-सहाशे वॅटचे छोटे ब्लोअर आपल्याकडे भारतात घराघरांत पोचले आहेत. आरसे, जाळी, दिवे, चाकाचे नट, नंबर प्लेट यांसाठी उत्तम. अख्ख्या लँड क्रूझरसाठी मात्र कंटाळवाणे.

हातात मावणारे टर्बो जेट पंखे सध्या सगळीकडे दिसतात. मिनिटाला लाखभर फेरे वगैरे आकडे त्यांच्या डब्यावर असतात. फटींसाठी ठीक, पूर्ण गाडीसाठी नाही. का, ते पुढच्या गणितात.

आणि कॉम्प्रेसर असला तरी तो या कामाला नको. हवा थोडी देतो, दमट महिन्यांत त्याच्या टाकीत पाणी साचतं, आणि तेल लागणारा असेल तर तेच तेल-पाणी धुतलेल्या पत्र्यावर येतं.

काही विकत घेण्याआधी घरातला ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर एकदा उलटा करून बघा. कार्शरच्या डब्ल्यूडी मालिकेसारख्या बऱ्याच व्हॅक्यूमना मागे फुंकण्याचं तोंड असतं. आधी आतला कचरा रिकामा करा, नळी आतून झटका, दोन मिनिटं रस्त्याकडे तोंड करून चालवा आणि मगच गाडीकडे वळवा. छोटी गाडी आणि आठवड्याला एकदा धुणं एवढंच असेल तर कदाचित तेवढ्यावर भागेल.

डब्यावरचे आकडे

दोन आकडे बघायचे असतात, हवेचा वेग आणि हवेचं प्रमाण. वेग फटीतलं पाणी बाहेर काढतो, प्रमाण सपाट पत्र्यावरचं पाणी ढकलतं. मोटरीचे वॅट आणि फेरे यांपैकी काहीच सांगत नाहीत. अमेरिकी डब्यांवर वेग ताशी मैलांत आणि प्रमाण सीएफएममध्ये (घनफूट प्रतिमिनिट) असतं. मिनिटाला १ घनमीटर म्हणजे साधारण ३५ सीएफएम, आणि सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी सव्वादोन मैलांच्या जरा आत.

डबा खरं बोलतो का हे तपासायला फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. नोझलच्या तोंडाचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा. त्याचा वर्ग करा, त्याला ०.७८५ ने गुणा, आलेल्याला वेगाने (मीटर प्रतिसेकंद) गुणा, शेवटी ०.००६ ने गुणा. येईल ते मिनिटाला किती घनमीटर हवा जाते ते. साडेतीन सेंटिमीटरचं तोंड आणि सेकंदाला ५२ मीटर वेग असेल तर उत्तर ३ घनमीटर येतं. त्याच तोंडातून १० घनमीटर जातात असं डब्यावर असेल, तर हवा सेकंदाला पावणेदोनशे मीटर, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरहून जास्त वेगाने बाहेर पडायला हवी. ते हातातल्या खेळण्याला जमणारं नाही. बहुतेकदा वेग अरुंद नोझल लावून मोजलेला असतो आणि प्रमाण नोझल काढून. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे, पण एकत्र कधीच मिळत नाहीत. काही चांगल्या कंपन्या फुंकण्याचा जोर न्यूटनमध्ये देतात. तो मिळाला तर बाकीचे आकडे सोडा, त्याच्यावरच तुलना करा, कारण त्यात वेग आणि प्रमाण दोन्ही येतात.

बॅटरीचंही असंच. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास असतात. साडेचारशे वॅट खाणारा ब्लोअर त्यावर कागदोपत्री १२ मिनिटं चालेल, प्रत्यक्षात थोडा कमी. एक सेडान घाई न करता तेवढ्यात उरकते, मोठ्या गाडीला दुसरी बॅटरी हाताशी हवी. जेट पंख्यात दोन सेल असले तर ७.२ व्होल्ट, ४ अँपिअर-तास धरून जेमतेम २९ वॅट-तास. पूर्ण जोरात २०० वॅट खाल्ले तर नऊ मिनिटांत संपला, आणि त्यातली शेवटची काही मिनिटं मंदावलेली. डब्यावरची तीस-चाळीस मिनिटं ही सगळ्यात हळू वेगाची असतात. २० व्होल्ट मॅक्स असं लिहिलेली बॅटरी १८ व्होल्टचीच असते हेही लक्षात ठेवा. २० हा आकडा नुकत्याच चार्ज केलेल्या, काही काम न करणाऱ्या बॅटरीचा. घरात आधीपासून एखाद्या कंपनीचं ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा ब्लोअर फक्त बॉडी म्हणून घ्या, बरेच पैसे वाचतात.

धूळ

बहरीनमध्ये ब्लोअरची खरी परीक्षा धुळीशी आहे. साखीरचं सर्किट २००४ साली सुरू झालं तेव्हा शर्यतीच्या ट्रॅकवर वाळू येऊ नये म्हणून आसपासच्या वाळूवर चिकटद्रव्य फवारलं होतं. आपल्या पोर्चला ती सोय नाही. ब्लोअर जी हवा ओढतो ती जमिनीजवळची असेल तर तो ओल्या, मऊ पत्र्यावर वाळूचा माराच करतो. म्हणून हवा आत घेण्याची जाळी यंत्राच्या खाली आहे की मागे-वर, हे दुकानात उलटं करून बघा. खाली असेल तर ते यंत्र जमिनीवर ठेवून चालवायचं नाही, स्टुलावर ठेवायचं. फोमचा किंवा धुता येणारा फिल्टर असलेलाच घ्या. बागेचा ब्लोअर घेतलात तर त्याने अंगण झाडायचा मोह धरू नका. अंगणासाठी खराटा आहे.

नोझलचं तोंड रबरी किंवा सिलिकॉनचं हवं. कडक प्लास्टिकचं तोंड एकदा दाराला लागलं की ब्लोअर घेण्यामागचा हेतूच गेला. रबरी टोप वेगळा मिळत असेल तर तो आधी घ्या, मग ब्लोअर.

दुकानात

यंत्र चालवून दाखवा म्हणायला लाजू नका. काचेच्या काउंटरवर पाण्याचे चार थेंब टाकायला सांगा, वीतभर अंतरावरून तिरकी हवा मारा. थेंब पळाले पाहिजेत, थरथरून जागीच राहिले तर पुढचं यंत्र मागा. मग ते बंद करून हात वर करून, टपाच्या उंचीवर मिनिटभर धरून बघा. दुकानात हलकं वाटलेलं तीन किलोंचं यंत्र खांद्याला त्या मिनिटात आपलं खरं वजन सांगतं. नळीचे ड्रायर इथे जिंकतात, वजन जमिनीवर किंवा स्टुलावर राहतं आणि हातात फक्त तोंड.

आवाजही तिथेच ऐका. यातली बरीचशी यंत्रं इतकी कर्कश असतात की कानावर इअरमफ लागतातच, आणि तळघरात तो आवाज दुप्पट वाटतो. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी, शेजारी मशीद असताना ब्लोअर चालू करणं शोभत नाही, सुटीच्या सकाळी लवकर तर नाहीच.

सांगितलेल्या किमतीत १० टक्के व्हॅट धरलाय का, आणि दुरुस्ती बहरीनमध्येच होते का, हे विचारून घ्या. कॉजवे ओलांडून सौदीतल्या खोबरला खरेदीला जाणारे बरेच आहेत. तिथली वीज ६० हर्ट्झची. यंत्राच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ आणि २२० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त आणा. कार्बन ब्रशवर चालणाऱ्या मोटरींना हर्ट्झने फरक पडत नाही, पण वॉरंटी पुलापलीकडेच राहते. अमेरिकेतून मागवलेला १२० व्होल्टचा ड्रायर मात्र इथल्या प्लगमध्ये घातला की जळालाच समजा. त्याला ट्रान्सफॉर्मर शोधण्यापेक्षा दुसरा ब्लोअर घेणं सोपं. मुंबई-पुण्याहून आणायचा असेल तर वीज तीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, फक्त प्लग बदलून घ्यायचा. बॅटरीचा आणत असाल तर सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेत हवी. १०० वॅट-तासांपर्यंत विचारावं लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाहीच. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी चालते. बागेच्या मोठ्या ब्लोअरची ५६ व्होल्टची, ५ अँपिअर-तासांची बॅटरी २८० वॅट-तासांची होते, ती विमानतळावरच ठेवून यावी लागेल.

वापरताना

उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर, पत्र्यावर तळहात टेकवता येतो एवढा तो निवल्यावर गाडी धुवा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तेव्हाही गरम असतं, त्याला इलाज नाही. शेवटचं पाणी मारताना पाइपचं नोझल काढून टाका आणि मोकळी धार टपाच्या मधोमध सोडा. मेण असलेल्या पत्र्यावरून पाणी चादरीसारखं उतरतं आणि निम्मं काम ब्लोअर सुरू करण्याआधीच होतं. वाटल्यास पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्याची एक बादली या शेवटच्या धारेसाठी ठेवा, राहिलेल्या थेंबांचे डाग फिके पडतात.

पोर्चची फरशी ओली करून घ्या म्हणजे धूळ बसेल. ब्लोअर आधी काही सेकंद दुसरीकडे तोंड करून चालवा, आतली धूळ निघून जाऊ दे. मग टपापासून सुरुवात. वीत-दीड वीत अंतर, हवा पत्र्याला तिरकी. सरळ काटकोनात मारली तर थेंब चारी दिशांना उडतात आणि साफ झालेल्या भागावर पडतात. टपाच्या एका कडेपासून दुसरीकडे पट्टे मारत जा, मग काचा, बॉनेट, डिकी, शेवटी दारं वरून खाली. सपाट भाग झाले की अरुंद नोझल लावा आणि लपलेलं पाणी काढा. आरशाचं घर, दाराच्या मुठी, पेट्रोलचं झाकण, पुढची जाळी, कंपनीचं चिन्ह, मागचा वरचा ब्रेकलाइट, काचांच्या रबरी पट्ट्या, नंबर प्लेटच्या मागची बाजू. खरं तर ब्लोअर घेतो तो याच जागांसाठी, सपाट पत्रा काय, फडक्यानेही होतो. चाकं शेवटी, कारण ब्रेकची काळी भुकटी तिथून उडते.

दाराखालच्या छिद्रांतून पाणी ठिबकतच राहतं. गाडी गल्लीत एक चक्कर मारून आणा, दोन-तीनदा ब्रेक दाबा म्हणजे डिस्क वाळतील, आणि आल्यावर आरशांखाली व दारांच्या तळाशी परत एकदा हवा मारा. उरलेलं स्वच्छ मायक्रोफायबरने टिपून घ्या, घासू नका.

काम झालं की गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरवर लावू नका, घरात एसीत अर्धा तास निवू द्या. बरेच चार्जर तापलेली बॅटरी नाकारतातच. ब्लोअर डिकीत ठेवून देणं सोयीचं वाटतं, पण बहुतेक कंपन्या बॅटरी ५० अंशांच्या वर ठेवू नका म्हणतात, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत जुलैत पारा त्याच्या कितीतरी वर जातो. फोमचा फिल्टर दर तीन-चार धुण्यांनंतर साबणाच्या पाण्यात धुवा, शमालच्या दिवसांत प्रत्येक वेळी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.